आलं का?

आमच्या प्रयोगशाळेत मोटारींचे हॉर्न, कारखान्यांचे भोंगे आणि आग लागल्यावर वाजणाऱ्या घंटा तपासायला येतात. किती अंतरावर किती मोठा आवाज पोचतो ते आम्ही मोजतो आणि शिक्का मारतो. मी त्या विभागाची प्रमुख आहे. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. माझा धाकटा भाऊ ‘इस्त्री बंद आहे’ या बँडमध्ये गिटार वाजवतो असं सांगितलं, की लोक माझ्या बंद गळ्याच्या स्वेटरकडे बघतात आणि विचारतात, "तुमचा? सख्खा?"

सख्खा. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे बारक्या म्हणायचे, मी अजूनही म्हणते.

एका सोमवारी भोंगे तपासणारा माझा सहकारी डबा घेऊन माझ्या टेबलापाशी बसला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाचा मागच्या वर्षीचा अल्बम ऐकला काल."

"कसा आहे?"

"चांगला असेल. मला त्यातलं काही कळत नाही. एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा."

"शेवटचं मिक्सिंग कोण करतं? म्हणजे कुठला आवाज किती ठेवायचा, ते?"

"तोच करतो."

त्याने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. "त्याचे कान शाबूत आहेत ना? नाही म्हणजे, वरचे आवाज असे काढलेत की आपले भोंगे लाजतील."

मी हसले. तो जेवून उठल्यावर मात्र मी दार लावून घेतलं आणि बँडचे चारही अल्बम एकाच मापाला आणून तपासले. कोणत्या कंपनसंख्येला सरासरी किती जोर आहे, याचा आलेख काढायला अर्धा तास पुरतो. खालचे आणि मधले आवाज चारही अल्बममध्ये जवळपास सारखे होते. फरक एकाच ठिकाणी होता, चार हजार हर्ट्झच्या आसपास. पहिल्या अल्बमला शून्य धरलं तर दुसरा दोन डेसिबलने वर, तिसरा पाचाने, चौथा नऊने. चार रेषा एका जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचा कान जिथे आधी जातो, ती जागा हीच. चार हजार. तिथे खड्डा पडतो, बाकीचं ऐकू येत राहतं, म्हणून कळत नाही. आणि ज्याला एखादा आवाज कमी ऐकू येतो तो माणूस तोच आवाज वाढवत नेतो. जिभेची चव गेलेल्याने मीठ वाढवत न्यावं, तसं.

मी आलेख छापला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. कुणालाही दाखवला नाही.

बँड सुरू झाला तो एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीत. मालक आमच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी चावी दिली आणि सांगितलं, उंदीर होऊ देऊ नका. आत पांढऱ्या फरशा, छतापर्यंत. एका कोपऱ्यात थंड पडलेला बॉयलर, भिंतीला टेकवलेलं लांब इस्त्रीचं टेबल. दारावर जुनी पाटी तशीच होती. पहिला कार्यक्रम ठरवायला आलेल्या माणसाने बँडचं नाव विचारलं तेव्हा आत इतका गोंगाट होता, की उत्तर ऐकू न आल्याने त्याने दारावरचं वाचून घेतलं. पत्रकावर तेच छापून आलं. बदलायचं म्हणता म्हणता चौदा वर्षं झाली.

चौघं जण. बारक्या. ड्रम वाजवणारा ठोक्या, जो दिवसा दातांच्या कवळ्या बनवतो. गाणारी मास्तरीण, शाळेत भूगोल शिकवते. आणि बास गिटारवाला मौनी. तो मुका नाही, पण त्याचं एकूण बोलणं मी एका पोस्टकार्डावर लिहून देऊ शकेन.

त्या फरश्यांमध्ये आवाज असा आपटायचा की वाजवणाऱ्यांना आपलंच ऐकू यायचं नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात बारक्याने मला खोलीच्या मध्ये, उलट्या घातलेल्या कपड्यांच्या टोपलीवर बसवलं. "ताई, तू फक्त सांग, काय येतंय आणि काय नाही." ड्रमची मोठी झांज माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. वाजवताना मी खुणेने सांगायची: गिटार कमी, मास्तरणीचा आवाज वर. सगळं जुळलं की म्हणायची, "हं, आलं."

ठोक्या पहिल्याच दिवशी ओरडला, "आलं म्हणाल्या! आता चहा टाका!" तेव्हापासून मी त्याची आलंताई. पुढे ती रीतच झाली. वाजवून झालं, मिक्सिंग झालं, की बारक्या खुर्ची माझ्याकडे वळवून विचारायचा, "आलं का?" मी हो म्हटल्याशिवाय एकही गाणं बाहेर गेलेलं नाही.

त्यांच्या कानांची काळजी मी पहिल्यापासून घेतली. प्रयोगशाळेत आम्ही स्पंजचे पिवळे बोळे वापरतो. मी त्यांच्यासाठी खोकाभर विकत आणले आणि कसे पिळून घालायचे ते चौघांना शिकवलं. दर रविवारी आल्याबरोबर हातावर दोन-दोन ठेवायची, जाताना इस्त्रीच्या टेबलावरचे मोजून घ्यायची. आठ. ठोक्या म्हणायचा, "शाळेतसुद्धा इतकी हजेरी नव्हती हो."

पहिला अल्बम त्या लॉन्ड्रीतच झाला. जाड, ओला आवाज. मास्तरणीचे शब्द त्यात बुडालेले. भिजलेल्या घोंगडीसारखा, असं एकाने लिहिलं. दुसऱ्यात त्यांनी ध्रुवपद टाकून दिलं. गाणं एकदा गेलेल्या जागी परत यायचंच नाही. तिसऱ्यात मास्तरणीने गाणं सोडलं आणि ओळी नुसत्या म्हणायला लागली, नकाशावर काठी ठेवून शिकवावं तशी. बारक्याने गिटारच्या खालच्या जाड तारा काढून टाकल्या. ठोक्या ड्रमऐवजी इस्त्रीच्या टेबलाचा पत्रा वाजवू लागला. चौथा तर सुरीसारखा. पहिल्या अल्बमवर जीव टाकणारे निम्मे लोक निघून गेले आणि त्यांच्या तिप्पट नवे आले. एका समीक्षकाने लिहिलं, ‘या बँडने आपला मऊपणा थराथराने सोलून काढला आहे, आता त्यांची हाडं वाजतात.’ ते कात्रण बॉयलरवर चिकटवलेलं आहे. डोकं दुखतं अशी तक्रार करणारेही होते. ठोक्या म्हणायचा, "दुखलं ना? म्हणजे पोचलं."

हे सगळं ते विचारपूर्वक करत आहेत असं मी धरून चालले होते. पर्समधल्या त्या घडीनंतर मला वाटू लागलं, की ही कला नसून आजार असावा. बारक्याने दोन वर्षांपूर्वी आराखडे काढायची नोकरी सोडली होती. पाचवा अल्बम अर्धा झाला होता. त्याचे कान गेले असतील, तर त्याच्यापाशी दुसरं काही उरत नव्हतं. आणि त्याला ते ठाऊक असून तो लपवत असेल, तर मी विचारल्यावर तो खोटं बोलणार, हेही मला ठाऊक होतं. लहानपणी पाय मोडला तेव्हा चार दिवस तो मुरगळलाय म्हणत चालला होता.

म्हणून मी विचारलं नाही. मी निरीक्षण सुरू केलं.

वहीत तारखेसह नोंदी आहेत. पहिली नोंद: ‘हल्ली पुटपुटतो. वाक्याचा शेवट खातो.’ पूर्वी तो खणखणीत बोलायचा. आता स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून काहीतरी म्हणायचा आणि मला दोनदा विचारावं लागायचं. काही प्रकारच्या बहिरेपणात माणूस हळू बोलतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो. मी ते कंसात लिहून ठेवलं.

दुसरी नोंद: ‘समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.’ मी बोलताना तो माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. ओठ वाचत असणार.

तिसरी नोंद म्हणजे खरा प्रयोग. मी त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. गजर लावलेलं एक छोटं घड्याळ टॉवेलात गुंडाळून त्याच्या मागच्या कपाटात ठेवलं. गजर एक वाजून पाच मिनिटांचा. घड्याळ बारीक किणकिणतं. धड कानाला सहज ऐकू जावं इतपत. तो टेबलाशी काकडी सोलत होता. मी मनगटावर बघत होते. एक पाच झाले. एक सहा. त्याने मान वळवली नाही. एक सात. तो काकडी सोलत राहिला आणि मध्येच माझ्याकडे बघून हसला, कसंनुसं.

"काय रे?"

"काही नाही. तुला काही... काही नाही."

मी वहीत लिहिलं: ‘प्रतिसाद नाही.’

पुढच्या रविवारी मी लॉन्ड्रीत जरा लवकर पोचले. दाराबाहेर चपला काढताना आत मास्तरणीचा आवाज ऐकू आला, "किती दिवस असं चालवायचं? कुणीतरी सांगायला हवं." बारक्या काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही. मी आत गेले आणि बोलणं बंद झालं. ठोक्याने उगाच एक बोल्ट काढला आणि परत बसवला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"उंदीर," ठोक्या म्हणाला. "उंदीर झालेत."

मौनीने खाली बघितलं. उंदीर नव्हते, मी दर आठवड्याला कोपरे बघते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे माझ्यापासून लपवत होते. का, तेही उघड होतं. आवाज मोजणं हा माझा धंदा. मला कळलं तर मी त्याचं वाजवणं बंद करीन.

त्या दिवशी नव्या अल्बमच्या पहिल्या गाण्याचं मिक्सिंग होतं. बारक्याने खुर्ची वळवली. "आलं का?"

"झांज अजून मागे आहे."

त्याने वाढवलं. मास्तरीण डोळे मिटून बसली होती.

"आता?"

"किंचित."

त्याने किंचित वाढवलं. ठोक्याने कान चोळला. मी डोक्यातल्या डोक्यात नोंद केली: ठोक्याचाही एकदा बघायला हवा.

"हं. आलं," मी म्हटलं.

चहा कुणी टाकला नाही. बारक्या चहाचं सामान आणायला म्हणून बाहेर गेला. त्याचं जाकीट माझ्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर होतं. कुणाच्या खिशात हात घालण्याचा प्रसंग मला आयुष्यात आला नव्हता. मी घातला. आत एक चिठ्ठी होती. कान-तपासणीच्या दवाखान्याची. त्यावर आमचं आडनाव, गुरुवार, सकाळी साडेअकरा.

मी ती होती तशी परत ठेवली.

रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोबत चालताना तो म्हणाला, "ताई, गुरुवारी सकाळी सुट्टी काढशील? एके ठिकाणी यायचंय."

"कुठे?"

"ये तर खरं."

घाबरला असणार, असं मला वाटलं. एकट्याने जाववत नसणार. माझा सगळा राग तिथेच उतरला. मी म्हटलं, "येईन की. त्यात काय."

दवाखान्यात प्रतीक्षेची खोली लहान होती. निळ्या खुर्च्या, भिंतीवर कानाचं उभं छेदलेलं रंगीत चित्र. बारक्या गुडघे हलवत बसला होता. मी मनात वाक्यं तयार करत होते: यंत्रं चांगली मिळतात हल्ली, दिसतसुद्धा नाहीत. मिक्सिंग दुसरं कुणी करेल. तू वाजव.

आतून एक बाई आल्या आणि त्यांनी आमचं आडनाव पुकारलं.

मी त्याला कोपराने ढोसलं. "जा. मी आहे इथे."

तो उठला नाही. "ताई," तो म्हणाला, यावेळी खणखणीत, "नंबर तुझा आहे."

"माझा कसा?"

"मी तुझ्या नावाने लावलाय."

"काय चेष्टा चालवलीयेस?"

"पाच मिनिटांचं काम आहे. कान तपासून घ्या म्हणून जगाला तूच सांगत असतेस ना? जा."

त्या बाई दार धरून उभ्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा आमच्याकडे बघायला लागले. मी उठले. याला एकदा दाखवून द्यावं, म्हणजे मग त्याला आत पाठवता येईल, असा माझा हिशेब होता.

आतली पेटीवजा खोली मला नवी नव्हती. आमच्याकडे अशीच आहे. आतल्या कक्षात काम करणाऱ्या सगळ्यांची दरवर्षी कानांची तपासणी होते, त्याचं वेळापत्रक मीच लावते. माझं नाव त्या यादीत नाही, कारण माझी खुर्ची काचेच्या बाहेर आहे. मी हेडफोन लावले, बटण हातात घेतलं. आवाज आला की दाबायचं. पाचशे आला, एक हजार आला, दोन हजार आला. मी दाबत गेले, चटचट, जरा तोऱ्यातच.

मग शांतता झाली.

त्या बाई यंत्र जुळवत असतील, असं मला वाटलं. खिडकीच्या काचेतून मी बघितलं. त्यांचं बोट चालू होतं. एकदा, थांबून पुन्हा एकदा. त्यांची नजर माझ्या अंगठ्यावर होती.

दोन हजारानंतर काय येतं ते मला ठाऊक होतं. किती सेकंदांनी येतं तेही. न ऐकता, नुसत्या अंदाजाने मी बटण दाबू शकले असते आणि आलेख सरळ निघाला असता. माझा अंगठा बटणावर होता. मी तो काढून घेतला.

कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. रेघ दोन हजारापर्यंत नीट चालत येते, चार हजाराला खाली कोसळते, आठ हजाराला परत थोडी वर चढते. उजव्या कानाला चाळीस डेसिबलची घट, डाव्याला पंचावन्न. झांज डाव्या हाताला होती.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"आवाज मोजते."

"मग बोळे वगैरे वापरत नाही?"

"देते," मी म्हटलं. "इतरांना."

हे मात्र कुठल्याच वहीत नव्हतं. चौदा वर्षं मी आठ बोळे मोजून दिले आणि आठ मोजून घेतले. माझे म्हणून दोन कधी काढलेच नाहीत, कारण मला ऐकायचं होतं. बोळे घातले असते, तर आलं का ते कसं सांगणार?

दवाखान्यासमोर एक उपाहारगृह होतं. तिथे बसून आम्ही चहा मागवला. मग मी पर्समधून तो आलेख काढला आणि तपासणीचा कागद त्याच्या शेजारी ठेवला. एकावर जिना चढत होता, दुसऱ्यावर खड्डा होता. दोन्हींची जागा तीच.

"हे तू कधी काढलंस?" बारक्याने विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी. मला वाटलं, तुझे कान गेले."

"माझे?" तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "म्हणून ते घड्याळ?"

"कुठलं घड्याळ?"

"टॉवेलातलं. ताई, दोन मिनिटं किणकिणत होतं ते. मी म्हटलं, आता ही उठून बंद करेल, मग करेल. तू मनगटाकडे बघत बसलीस."

"तुला ऐकू येत होतं?"

"डोक्यात जात होतं."

असल्या घड्याळांची किणकिण चार हजारच्या आसपास असते. मला ते पाठ आहे. म्हणून तर मी ते निवडलं होतं. ते वेळेवर वाजणार याची मला इतकी खात्री होती, की ते वाजतंय का हे ऐकायची मला गरजच वाटली नाही.

"आणि तू पुटपुटत होतास ते?"

"बघत होतो, तुला किती कळतंय. पाठमोरा बोललो की कळायचं नाही."

"आणि तोंडाकडे टक लावून?"

"तेही बघतच होतो." तो ओशाळला. "तू काय लिहून ठेवलंस?"

मी सांगितलं नाही. माझ्या एकूणएक नोंदी बरोबर होत्या. फक्त वर नाव चुकीच्या माणसाचं घातलं होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

त्याने चमचा कपात फिरवला. "तिसऱ्या अल्बमला वाटलं, तुला आमच्यापेक्षा काहीतरी वेगळं ऐकू येतंय. जास्तीचं. म्हटलं, ताई कुठेतरी घेऊन चाललीय आपल्याला. चौथ्याला शंका आली."

"चौथ्याला वर्ष झालं."

"हो."

"शंका आली आणि तरी तू तो तसाच सोडलास?"

"तू आलं म्हणेपर्यंत वाढवत गेलो. सगळे आवाज एकमेकांना कापत होते. थांबव म्हणून सांगणार होतो. मग एकदा नीट ऐकलं तर... ताई, तसं कुणीच वाजवत नव्हतं. कुणाची हिंमतच झाली नसती."

"म्हणजे माझ्या कानातल्या खड्ड्याला त्या माणसाने..."

"हाडं वाजतात म्हटलं," बारक्या म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघावं इतके. मग मला राग आला.

"एक वर्ष गप्प बसलास तू. एका वर्षात तीन-चार डेसिबल आणखी जातात. तुला चालत होतं, कारण तुमचं भागत होतं."

"तूही तीन आठवडे गप्प होतीस."

"तीन आठवडे आणि एक वर्ष सारखे असतात?"

"नसतात," तो म्हणाला. "सांगितलं तर तू यायची बंद होशील असं वाटलं."

हे खरं होतं की सुचलं म्हणून बोलला? ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही. चहा गार झाला होता. तो उठून माझ्या डाव्या हाताची खुर्ची सोडून उजव्या हाताच्या खुर्चीवर येऊन बसला आणि त्याने दुसरा मागवला.

रविवारी मी लॉन्ड्रीत गेले. जायचं नाही असं शनिवारपर्यंत ठरलं होतं. दारातच मी सगळ्यांना कागद दाखवला, म्हणजे कुजबुज करायला कारण उरणार नाही.

मास्तरणीने तो नकाशा वाचावा तसा वाचला. "ताई, रागवू नका, पण मग सांगतेच. तीन वर्षं माझा ‘स’ सापासारखा येतोय. वर्गात मुलं माझी नक्कल करतात. समुद्रसपाटी म्हणतात आणि पहिला स घंटा होईपर्यंत सोडत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आलं म्हणालात ना. म्हटलं, आलं म्हणजे आलं."

"मला वाटायचं माझीच झांज खोटी," ठोक्या म्हणाला. "दोनदा बदलली. आणि ताई, ते उंदीर..."

"माहीत आहे. नाहीत."

त्यांना वाजवायचं होतं. मी खोक्यातून बोळे काढले आणि सगळ्यांच्या हातावर दोन-दोन ठेवले. मग दोन माझ्यासाठी काढले. टोपली मी झांजेपासून उचलून पार बॉयलरपाशी नेऊन ठेवली. बोळे घातल्यावर त्यांचं वाजवणं मला पहिल्या अल्बमसारखं ऐकू आलं, जाड आणि ओलं. मला ते आवडलं. मी ते बोलले नाही, कारण माझ्या आवडीवर आता किती विश्वास ठेवायचा ते ठरलं नव्हतं.

वाजवून झालं. सगळ्यांनी बोळे काढून इस्त्रीच्या टेबलावर टाकले आणि बारक्या मिक्सिंगला बसला. मागच्या रविवारचंच पहिलं गाणं, पण या वेळी मला न विचारता केलेलं. बाकीचे त्याच्या पाठीशी उभे राहिले. मला झांज ऐकू आली नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र दिसत होती. चार हजारापाशी रेष दर ठोक्याला उभी राहून पडत होती.

गाणं संपलं. बारक्याने सवयीने खुर्ची वळवली. "आलं का?"

विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. ठोक्या छताकडे बघायला लागला. मास्तरणीने ओठ आवळले. ते चौघं माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि मी हो म्हटलं असतं, तर त्यांनी ते घेतलं असतं, हे मला दिसत होतं. पाचवा अल्बमही तसाच गेला असता आणि कुणीतरी त्यालाही चांगलं नाव दिलं असतं.

"दिसतंय," मी म्हटलं. "ऐकू येत नाही. तुम्ही सांगा."

चौदा वर्षांत त्यांनी हे कधी ठरवलंच नव्हतं. मास्तरणीने बारक्याकडे बघितलं, बारक्याने ठोक्याकडे, ठोक्याने बॉयलरवरच्या कात्रणाकडे. मग भिंतीपाशी उभा असलेला मौनी घसा खाकरून म्हणाला, "आलं."

ठोक्याने मोठा श्वास सोडला. "हा बोलला! आता चहा टाका!" मास्तरीण हसली. बारक्याने गाणं जतन करायला हात पुढे केला.

मी सवयीने टेबलाकडे बघितलं. पाच माणसं, दहा बोळे. मी एकदा मोजले, परत मोजले. नऊच होते. मी मौनीजवळ गेले आणि त्याच्या डाव्या कानात बघितलं. पिवळं टोक बाहेर दिसत होतं.

"थांब रे," मी बारक्याला म्हटलं. मग मौनीपुढे तळहात धरला. "दहावा दे. आणि परत ऐक."